५०० मीटरवर गोळ्या खाली-वर जातायत, .४५-७० मध्ये काळी दारू किती ग्रेन भरू?

तुमचं म्हणणं असं की अ‍ॅरिझोनात राहता, शार्प्स या जुन्या अमेरिकन रायफलीची .४५-७० काडतुसाची इटालियन कॉपी घेतलीय, १०० यार्डांवर ग्रुप झकास येतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतात, पण ५०० मीटरवरच्या लोखंडी मेंढ्याच्या आकाराच्या निशाणावर गोळ्या कधी डोक्यावरून जातात तर कधी पुढ्यात माती उडवतात, मग काळी दारू (जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) ६५ ग्रेन भरू की ७०, आणि कागद गुंडाळलेली गोळी घेऊ का.

ग्रेनचा आकडा आधी डोक्यातून काढा. काळ्या दारूत पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) भरलेलीच लागते, दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा अजिबात राहायला नको, राहिली तर नळी फुगू शकते. म्हणजे किती दारू मावणार हे पुंगळी आणि गोळी किती आत बसते यावरच बरंचसं ठरून जातं. नावातले ७० म्हणजे १८७३ च्या लष्करी काडतुसातले ७० ग्रेन, साधारण साडेचार ग्रॅम. आजच्या पुंगळ्यांचं बूड जाड असतं त्यामुळे तेवढी दारू बसवायला चांगली दाबावी लागते. आणि हो, स्मोकलेस पावडर (आजची बिनधुराची दारू) या हिशोबाने कधीच भरायची नाही, ती पूर्ण वेगळी चीज आहे, हात आणि डोळे दोन्ही जातील.

खरा खेळ आहे काजळीचा. ७५ टक्के सोरा, १५ कोळसा, १० गंधक, हे मिश्रण जळलं की वजनाने निम्म्याहून जास्त माल घन रूपातच मागे राहतो, काही धुरात जातो आणि बाकीचा तुमच्या नळीत बसतो. प्रत्येक गोळी मागच्या गोळीच्या काजळीवरून जाते. ती काजळी दर वेळी सारखी असेल तर वेग सारखा, नाहीतर नाही. वेगातला फरक १०० यार्डांवर दिसतच नाही, म्हणून तुम्हाला वाटतंय लोड (दारू-गोळीची जुळणी) चांगला आहे. हीच गोळी १००० यार्डांवर पोचायला तीन सेकंदांच्या आसपास घेते, तिथे सेकंदाला १० फुटांचा फरक पडला तरी गोळी अंदाजे फूटभर खाली-वर जाते. तुमची तक्रार खाली-वरची आहे, डावी-उजवीकडची नाही, त्यामुळे वाऱ्याला दोष देऊ नका, वेग मोजा. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) कुणाकडून तरी उसना आणा, दहा गोळ्या झाडा आणि स्टँडर्ड डेव्हिएशन बघा, म्हणजे वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो ते, फूट प्रति सेकंदात ते एक आकडी यायला हवं. आलं नाही तर साइटचे स्क्रू फिरवून काही होणार नाही.

आता दारू भरायची कशी. प्रत्येक चार्ज तराजूवर तोलून घ्या आणि लांब नळीतून सावकाश पुंगळीत सोडा, ड्रॉप ट्यूब म्हणतात तिला, दोन-अडीच फुटांची पितळी नळी आणि वर नरसाळं. पायलीत ज्वारी हळूहळू सोडली की आणखी मूठभर बसते ना, तसंच इथे, दाणे एकमेकांत नीट बसतात आणि दर वेळी सारखेच बसतात. घाईघाईत ओतलंत तर एका पुंगळीत दारू वर येईल, दुसरीत खाली राहील. मग वर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची पातळ चकती, आणि मग कॉम्प्रेशन डायने, म्हणजे दारू दाबायच्या साच्याने, दाबायचं. गोळीने दाबू नका, शिसं मऊ असतं, गोळी चेपते आणि मग तुम्ही महिनाभर दारूला शिव्या देत बसता.

किती दाबायचं हे ब्रँडवर आहे. स्विस १½ एफ (एफ म्हणजे दाण्याचा आकार) असेल तर अगदी हलकं, चकती जेमतेम टेकवून थोडंसं. गोएक्स या ब्रँडला जास्त दाब आवडतो, पाव इंच वगैरे. चार्ज तोच ठेवा, फक्त दाब थोडा थोडा बदला, प्रत्येक दाबाला एक ग्रुप. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि रेंजवर कुणी पाळत नाही.

प्रायमरही (पुंगळीच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी) बदलून बघा. काही जण प्रायमरखाली वर्तमानपत्राच्या कागदाची टिकली ठेवतात, ठिणगी जरा सौम्य होते. मला आधी हे भोंदूपणाचं वाटलं होतं, पण क्रोनोग्राफवर फरक दिसला त्यामुळे आता गप्प बसतो.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय हवेचा आहे. अ‍ॅरिझोनाची कोरडी हवा काजळीचा दगड करते. गोळी झाडल्या झाल्या रायफल उघडायची, मागून ब्लो ट्यूब (फुंकायची नळी) घालायची आणि संथपणे, लांब लांब श्वास नळीत सोडायचे, तोंडातल्या वाफेने काजळी मऊ पडते. दमट गावात चार-पाच श्वासांत काम होतं, तुमच्याकडे दुप्पट लागतील, आणि दर वेळी मोजून तेवढेच. कडक उन्हात तेही पुरत नाही, मग प्रत्येक गोळीनंतर नळीतून ओला पॅच (कापडाचा तुकडा) आणि मागोमाग कोरडा पॅच. पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल (आपल्याकडे वर्कशॉपवाले कूलंट म्हणतात ते) एक भाग आणि पाणी सात भाग, एवढंच पुरतं, महागड्या बाटल्या नकोत. चेंबरमध्ये ओल राहू देऊ नका मात्र.

गोळीच्या खाचांत भरलेलं ग्रीस पुरतंय का हे नळीच्या तोंडावर बघा. पाच-सहा गोळ्यांनंतर तोंडाशी आट्यांच्या (नळीतल्या पिळाच्या खाचांच्या) खुणेनुसार ग्रीसची ओलसर चांदणी उमटली तर ग्रीस शेवटपर्यंत पोचतंय. तोंड कोरडं राखाडी दिसलं तर शेवटचे काही इंच गोळी कोरड्या काजळीवरून घासत जातेय. मेण आणि चरबीवालं ग्रीस घ्या, पेट्रोलियमवालं काळ्या दारूत डांबरासारखं होऊन बसतं.

गोळी ५०० ते ५४० ग्रेनची, २० भाग शिशाला एक भाग कथील, तोलून निवडलेली, बास, यात फार डोकं घालू नका. पुढच्या साइटला स्पिरिट लेव्हल नसेल तर आधी ती बसवा, रायफल थोडी कलली तरी लांबवर गोळी बाजूला जाते. रिकाम्या पुंगळ्या रेंजवरच साबणाच्या पाण्यात टाका, घरी गेल्यावर धुवू म्हणालात तर पितळ हिरवं पडतं. त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, आमच्याकडे ती बादली गॅरेजच्या आत यायला बंदी आहे.

भारतातून कुणी हे वाचत असेल तर, घरी काडतुसं भरणं तिथे परवान्याशिवाय गुन्हा आहे, १९५९ चा शस्त्र कायदा लागतो.

राहिली कागदी गोळी. १८७४ ला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर आयर्लंड-अमेरिका सामना झाला, ८००, ९०० आणि १००० यार्ड, अमेरिका ९३४ आयर्लंड ९३१. आयरिश लोक तोंडाकडून भरायच्या रायफली घेऊन आले होते आणि एका आयरिश गड्याने भलत्याच टार्गेटचा मध्य टिपला, शून्य गुण. शेवटची गोळी अमेरिकेच्या कर्नल बोडाइनची, बाटली फुटून हात कापलेला, रुमाल गुंडाळून झाडली आणि चार गुण मिळवले. त्या काळात लांब पल्ल्याला कागदी गोळीचाच जोर होता आणि आजही ती जबरदस्त चालते. पण तिला ग्रीसच्या खाचा नसतात, कागद काजळीवर फाटला की गोळी कुठेही जाते, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर नळी पुसावीच लागते. आधी ग्रीसवाल्या गोळीचा स्टँडर्ड डेव्हिएशन दहाच्या खाली आणा, मग कागदाकडे वळा.