युरेनिया लायलस हे फुलपाखरू आहे की पतंग? हिरवे पट्टे, शेपट्या, शिवाय दिवसा उडतो

पतंगच आहे तो, युरेनिडी कुळातला. गोंधळ तुमचाच होतो असं नाही, जीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने 1758 मध्ये त्याला पॅपिलिओ लायलस म्हणून फुलपाखरांतच टाकलेलं, युरेनिया ही जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने 1807 मध्ये केली. ओळखायचं तर अँटेना, म्हणजे डोक्यावरच्या मिशा बघा, फुलपाखराच्या अँटेनाला टोकाला गाठ असते, याच्या दोऱ्यासारख्या बारीक होत जातात. पंख काळेभोर, त्यावर चमकणारे हिरवे पट्टे, मागच्या पंखावर निळसर झाक आणि शेपटीला पांढरी किनार, पसरले की साधारण 7 सेंमी, आणि तो हिरवा म्हणजे रंगद्रव्य नाहीच, खवल्यांच्या रचनेमुळे प्रकाश तसा परततो म्हणून कोन बदलला की छटाही बदलते, फार देखणा प्रकार आहे. तुम्ही पाहिलेला कुठला ते मात्र नक्की बघा, लायलस दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पूर्वेकडचा, ॲमेझॉन वगैरे, आणि पश्चिमेला व मेक्सिकोपर्यंत जवळजवळ तसाच दिसणारा युरेनिया फुल्जेन्स असतो, त्याच्या शेपटीवर पांढरं कमी. आणि अँटेनाचा नियम सगळीकडे चालत नाही हां, तिकडचेच कॅस्टनिडी कुळातले पतंगही दिवसा उडतात आणि त्यांच्या अँटेनाला चक्क गाठ असते.