वाचक विचारतात : डिचोलीत पाहायचं काय, आणि जेवायचं कुठे?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरहून दिवाळीनंतर गोव्यात येतोय. बरोबर आई आहे, वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात. तिला नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचं आहे. पणजीहून सोयीचा रस्ता कोणता? आणि एवढ्या लांब एका देवळासाठी यावं का? – एक वाचक, कोल्हापूर

सोयीचा रस्ता नकाशा दाखवेलच. मी मात्र तुम्हाला नदीवरून यायला सांगेन. सकाळी जुने गोवे गाठा, गाडी फेरीबोटीत चढवा आणि दिवाड बेटावर उतरा. बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर गेलात की दुसरी फेरी नार्व्याला सोडते. आईंना गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही. पण त्या उतरतीलच, फेरीवर कोणी आत बसून राहत नाही.

हा वळसा घ्यायचा कारण देवही याच वाटेने आलेला आहे. सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा कुलदेव, आणि त्याचं मूळ ठाणं दिवाडवर. चौदाव्या शतकात बहमनींच्या काळात ते देऊळ मोडलं. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं आणि 1540 च्या सुमारास पोर्तुगिजांनी पाडलं. लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला आलं, कारण हा मुलूख तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. त्यांच्या हाती तो थेट अठराव्या शतकाच्या शेवटी गेला. बेटावर जुन्या देवळाची तळी, कोटितीर्थ, अजून आहे. ती आधी पाहा, मग फेरी धरा. हे अंतर डोळ्यांनी पाहिलं की इतिहास निराळा सांगावा लागत नाही. शाळेत मी तो फळ्यावर नदी काढून शिकवायचे. अर्धी मुलं जांभया देत. तीच मुलं सहलीला फेरीवर आली की प्रश्न विचारून भंडावून सोडत.

नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधायला घेतलं. दाराच्या वरचा शिलालेख शके 1590, कार्तिक वद्य पंचमीचा आहे, म्हणजे नोव्हेंबर 1668. गर्भगृहातलं लिंग धारालिंग आहे, उभ्या कंगोऱ्यांचं. तेवढं नीट बघून घ्या, गर्दीत नजर फुलांवरच राहते. अलीकडेच सरकारने देवळाची डागडुजी केली आणि 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. उतरत्या कौलांवर बसलेला घुमट आणि समोरची दीपमाळ पाहिली की गोव्याच्या देवळांनी कुठून काय उचललं ते कळतं. गाडी अगदी जवळ जाते, गुडघ्यांना त्रास नाही.

जेवणाची आशा मात्र नार्व्यात धरू नका. मयेवरून डिचोली गाठा आणि बसस्टँडच्या आजूबाजूला बसा. सकाळी लवकर आलात तर पातळभाजी आणि उंडो (गोव्याचा गोल पाव) मागा, वर एक मिरची भजी. दुपारी शाकाहारी थाळी मिळते. आईंचा सोमवार असेल तर वेटरला आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने हुमण, म्हणजे माशांची आमटी, घेऊन येईल.

प्रश्न : हरवळेचा धबधबा, गुहा, मये तळं, नमाजगाह, लामगावची लेणी, शिरगाव – एका दिवसात होईल का? बायकांसाठी स्वच्छतागृहं आहेत का? – एक वाचक, बेळगाव

होईल. पण संध्याकाळी विचारलं तर काय पाहिलं ते सांगता येणार नाही. यादीतली निम्मी नावं खोडा.

हरवळे ठेवा. जांभ्या दगडात कोरलेल्या या गुहांना लोक पांडवांच्या म्हणतात. पांडवांना अख्ख्या देशात इतक्या गुहा कोरायला वेळ कधी मिळाला, हा प्रश्न मी दरवर्षी पोरांना विचारत असे. आत लिंगं आहेत. धबधबा रुद्रेश्वराच्या देवळाला लागून आहे. पावसाळ्यात तो गाजतो, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पाण्यात उतरणं धोक्याचं. मार्चनंतर जाऊन नाराज होऊ नका.

नमाजगाहही ठेवा, तिकडे कोणी जात नाही. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला. त्या काळात त्याचा मुक्काम डिचोलीत होता आणि ही वास्तू त्याचीच मानतात. मोगल शहजादा आणि मराठा छत्रपती, दोघांच्या इतिहासाशी जोडलेली ही जागा आमच्या गावात आहे. असं असूनही रिक्षावाल्याला पत्ता दोनदा सांगावा लागतो.

शिरगाव जत्रेशिवाय शांत असतं. जत्रा वैशाखात, लईराई देवीची. अग्निदिव्य करणारे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, आणि हातोहात फिरणारे मोगऱ्याचे हार बघण्यासारखे आहेतच. पण 2025 च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन त्या रात्री येऊ नका.

स्वच्छतागृहांचं खरं सांगते : डिचोलीत गैरसोय होणार नाही, हॉटेलात जेवलात तर तिथलंच वापरा. गावाबाहेर पडायच्या आधी सगळ्यांनी जाऊन या. आमच्या सहलीत हा नियम हजेरीच्या आधी लागायचा.

प्रश्न : मये तळ्यावर बंजी जंपिंग सुरू झालंय म्हणे. तुम्ही उडी मारली का? – एक वाचक, म्हापसा

नाही हो. तळ्याकाठी बसून पोरांच्या किंकाळ्या ऐकते, तेवढं पुरतं. तुमच्यासाठी म्हापशाहून डिचोलीची बस आहेच. बुधवारी या, बाजाराचा दिवस असतो. भाजी, सुकी मासळी घेऊन परतता येईल. पितळेची समई घ्यायची असेल तर दुकानदाराला हातात द्यायला सांगा. जड असेल तीच घ्या. उडी मात्र बाजाराच्या आधी मारा, पिशव्या सांभाळायला मी बसणार नाही.