मुलाच्या घरासाठी ठेवी मोडायच्या का?

प्रश्न : मी ६१ वर्षांची, मिस्टर ६४. दोघंही निवृत्त. मुलगा २९ वर्षांचा. नोकरी बदलल्यावर दीड वर्षापूर्वी घरी परत आला. पगार चांगला आहे, पण घरखर्चाला काही देत नाही, घरकामाला हात लावत नाही. आता त्याला घर घ्यायचंय आणि आमच्या ठेवी मोडून पैसे द्या म्हणतो. 'तुम्हाला स्वस्तात मिळालं' हेही वर ऐकवतो. आमचं घर तेव्हाच्या चार वर्षांच्या पगाराएवढं होतं, कर्ज वीस वर्षं १२ टक्क्यांनी फेडलं. त्याचं घर त्याच्या नऊ वर्षांच्या पगाराएवढं आहे. मिस्टर म्हणतात, या पिढीला सगळं आयतं हवं. लग्न झालेल्या मुलीला यातलं काही माहीत नाही. चुकतंय कोणाचं?

उत्तर : ताई, घराच्या किमतीबद्दल तुमचा मुलगा बरोबर आहे आणि घरातल्या वागण्याबद्दल साफ चूक. या दोन गोष्टी एकाच भांडणात निघतात, म्हणून ते मिटत नाही. आधी त्या वेगळ्या करा.

किमतीचा हिशेब तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच करू. घराच्या ८० टक्के कर्ज आणि वीस वर्षांची मुदत दोघांना सारखीच धरू. तुमचं व्याज १२ टक्के असूनही सुरुवातीचा हप्ता पगाराच्या साधारण ४२ टक्के येतो. त्याचं व्याज ९ टक्के धरलं, म्हणजे तुमच्यापेक्षा कमी, तरी हप्ता पगाराच्या ७८ टक्क्यांच्या आसपास जातो. असं कर्ज सहसा कुणी देणार नाही, आणि मिळालं तरी घेऊ नये. शिवाय हातातून भरायचे २० टक्के तुमच्या वेळी दहा महिन्यांच्या पगाराएवढे होते, त्याच्यासाठी जवळपास बावीस महिन्यांच्या. हे मिस्टरांनी स्वतः कागदावर मांडावं. तोंडी सांगितलं तर वाद होईल.

मिस्टरांच्या 'आयतं हवं' या वाक्यावर थोडं थांबते. प्रोट्झको आणि स्कूलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१९मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर वाचन असलेल्यांनाच 'हल्लीच्या मुलांना वाचनाची आवड नाही' असं जास्त वाटत होतं. आपण आज जसे आहोत तसेच लहानपणीही होतो, आणि आपल्या बरोबरीचे सगळेही तसेच होते, असं आपण धरून चालतो. काटकसरीने कर्ज फेडलेल्या माणसाला मुलगा उधळा दिसतो तो बहुधा असाच.

पण घरं महागली याचा जाब आईवडिलांना विचारता येत नाही, आणि त्या सबबीवर घरखर्चही टाळता येत नाही.

घरखर्चापासून सुरुवात करा, कारण ते सोपं आहे. मागच्या तीन महिन्यांचा किराणा, वीज, इंटरनेट आणि घरकामाच्या मदतीचा खर्च लिहा, सरासरी काढा आणि तीन माणसांत तीन भाग करा. एक भाग त्याचा. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून आपोआप वळता होईल असं करून घ्या, म्हणजे दरमहा आठवण करून द्यायची आणि वाईट व्हायची पाळी येणार नाही. भाडं मागू नका. त्याऐवजी ती रक्कम त्याने स्वतःच्या घरासाठी वेगळी साठवावी आणि तो किती महिन्यांत बाहेर पडणार याची तारीख ठरवावी. दीड वर्ष असंच गेलं, याचं एक कारण असं की तुम्ही तारीखच मागितली नाहीत.

कामाचं म्हणाल तर 'मदत कर' असं सांगू नका, त्याने काम तुमचंच राहतं. एक अख्खं काम द्या. कपडे म्हणजे मशीन लावण्यापासून घड्या कपाटात ठेवण्यापर्यंत, साबण संपल्याचं लक्षात येण्यासकट. पहिले तीन आठवडे ते वाईट होईल, तेव्हा मधे पडू नका. मधे पडलात की काम परत तुमच्या गळ्यात.

आता ठेवी. तुमचा खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतो, तेव्हा तुम्ही ८५ वर्षांच्या असाल. म्हणून आधी तुमच्या हयातीचा खर्च आणि आजारपणाची रक्कम बाजूला काढा. त्यातून जे उरेल तेवढ्याचाच विचार करा. काही उरलं नाही तर उत्तर 'नाही', आणि त्याला आकडे दाखवून सांगा. राहतं घर गहाण ठेवायचं नाही. त्याच्या कर्जाला जामीनही राहू नका. त्याची नोकरी गेली तर बँक तुमच्याकडे येईल.

उरलं असेल तर देण्याआधी ठरवा, भेट की उसने. भेट असेल तर ती गेली असं समजा. वर्षभराने 'आम्ही दिले म्हणून' हे वाक्य तोंडातून येणार असेल तर आजच देऊ नका. उसने असतील तर रक्कम, पहिल्या हप्त्याची तारीख, दरमहा किती आणि नोकरी सुटल्यास किती महिने सवलत, एवढं लिहून तिघांनी सह्या करा. सगळ्यात जास्त घरं फुटतात ती या दोन्हींच्या मधल्या धूसर व्यवहारात, किंवा बाबा 'नाही' म्हणाले आणि आईने गुपचूप दिले यात. दुसरं तुम्ही करण्याची शक्यता तुमच्या पत्रावरून दिसते, म्हणून स्पष्ट लिहिलं.

बोलणं जेवताना नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी, कागद पुढ्यात ठेवून. पहिल्या बैठकीत फक्त घरखर्च आणि काम. ते दोन महिने सुरळीत चाललं की ठेवींचा विषय काढा. मुलीला मात्र पैसे देण्याआधी सांगा, दिल्यानंतर नाही, आणि भेट देणार असाल तर तिच्या वाट्याचं काय हेही त्याच वेळी.