टीव्हीवर चित्र कोणत्या वाटेने न्यावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मिररिंग आणि कास्टिंग हे एकच आहे, या समजुतीतून झालेली खरेदी आणि मनस्ताप बहुतेक पत्रांच्या मुळाशी दिसतो. म्हणून पहिले उत्तर इतरांनीही वाचावे, ही विनंती.

प्रश्न : मोबाईलवरचा चित्रपट टीव्हीवर दाखवताना फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते आणि कुणाचा संदेश आला की तो साऱ्या दिवाणखान्याला वाचता येतो. फोन जुना झाला का? (नाशिक)

उत्तर : नाही. आपण मिररिंग करत आहात. त्यात (उदाहरणार्थ, फोनचा पडदा थेट टीव्हीवर बिनतारी दाखवणाऱ्या, २०१२ साली आलेल्या मिराकास्ट या पद्धतीत) फोन स्वतःच्या पडद्याचे चित्र क्षणोक्षणी तयार करून टीव्हीकडे पाठवत राहतो, त्यामुळे तो राबतो आणि तापतो. कास्टिंगमध्ये फोन टीव्हीला चित्रपटाचा केवळ पत्ता सांगतो; चित्रपट टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून आणतो आणि फोन निव्वळ रिमोट उरतो. त्यासाठी दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर ठेवून ॲपमधले कास्टचे चिन्ह दाबावे, फोनच्या सेटिंगमधले मिररिंग नव्हे. टीव्हीतच ते ॲप असेल तर फोन मध्ये आणण्याचेही कारण नाही. मिररिंगचा खरा उपयोग इंटरनेट नसलेल्या जागी लग्नाचे फोटो दाखवण्यासारख्या कामांना होतो, कारण मिराकास्टला राउटर लागत नाही.

प्रश्न : माझा आयफोन मिराकास्टच्या टीव्हीला जोडता येईल का? (पणजी)

उत्तर : थेट नाही. टीव्हीत एअरप्ले (ॲपलची स्वतःची अशीच पद्धत) आहे का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. विक्रेत्याच्या ‘सगळे चालते’ यावर विसंबू नये.

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही आतल्या खोलीतल्या टीव्हीवर फोर-के चित्र अडखळते. कंपनीचा माणूस ३०० चा प्लॅन घ्या म्हणतो. घ्यावा का? (पुणे)

उत्तर : घेऊ नये, निदान मोजमाप केल्याशिवाय तरी नाही. फोर-केसाठी नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस किंवा त्याहून अधिक वेग सुचवते, म्हणजे आपला प्लॅन त्याच्या कितीतरी पुढे आहे. प्लॅनचा वेग राउटरपर्यंत येतो. तिथून टीव्हीपर्यंतचे वीस-तीस फूट ही आपल्या भिंतींची गोष्ट आहे, आणि तेवढ्यासाठी दरमहा जास्त पैसे भरणारी घरे पाहून मला खरोखर वैताग येतो. लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वेग मोजा, मग टीव्हीशेजारी उभे राहून फोनवर मोजा. पहिला आकडा ९० आणि दुसरा ८ आला, तर प्लॅन निर्दोष आहे.

राउटर बहुधा दारामागे, चपलांच्या कपाटावर बसवलेला असतो, कारण तिथे तार कमी लागते. त्यात सोय बसवणाऱ्याची असते, आपली नव्हे. तो घराच्या मध्याकडे, उंचावर आणि उघड्यावर हवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी मध्ये नको. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच. सोसायटीतले सगळे शेजारी, मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतींपुढे लवकर नमते. ॲन्टेनाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळण्याच्या व्हिडिओंविषयी एवढेच सांगतो, की फॉइल शक्ती निर्माण करत नाही, फक्त लहरींची दिशा वळवते, आणि ती कुठे वळली हे आपल्याला दिसत नाही. वायफाय पुढच्या खोलीत पोचवणारा स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

टीव्ही जागचा हलणार नसेल, तर बिनतारी साधनांवरच्या या सदरात मी निःसंकोच सांगतो : त्याला लॅनची तार द्या. ते शक्य नसेल तर मेश (घरभर ठेवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या वायफाय उपकरणांचा संच) घेण्यापूर्वी जाणकाराकडून घराची प्रत्यक्ष पाहणी करून घ्या. नुसत्या नकाशावर सल्ला देणे मीही टाळतो.

प्रश्न : बाजारात ‘सर्व वाहिन्या आयुष्यभर फुकट’ असा अँड्रॉइड बॉक्स मिळतो. कसा आहे? (कोल्हापूर)

उत्तर : घरात आणू नका. परवाना नसलेल्या वाहिन्या हा एक भाग झाला. प्रमाणित नसलेल्या अशा बॉक्सवर पैसे भरून घेतलेल्या ॲपचे चित्रही अनेकदा कमी दर्जाचेच दिसते, खोक्यावर फोर-के छापलेले असले तरी. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने ‘बॅडबॉक्स २.०’ विषयी जाहीर इशारा दिला : काही स्वस्त उपकरणांत घातक प्रणाली आधीच भरलेली असते किंवा जोडणीच्या वेळी उतरते, आणि मग आपले इंटरनेट परक्यांच्या उद्योगांसाठी वापरले जाते. असा बॉक्स जोडलेला असेल तर आजच काढा, महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि राउटर जाणकाराला दाखवा.

प्रश्न : वडिलांना ऐकू कमी येते म्हणून टीव्हीसाठी ब्लूटूथ हेडफोन घेतला; ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. (ठाणे)

उत्तर : ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवण्यात व पुन्हा उलगडण्यात वेळ जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज आणि चित्राचा मेळ साधण्याची सोय आहे का पाहा. नसेल तर स्वतःच्या ट्रान्समीटरसह येणारा बिनतारी हेडफोन घ्या, त्यात हा उशीर सहसा जाणवत नाही. मात्र खरेदी नंतर करा. वडिलांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि हेडफोनचा आवाज किती ठेवावा, हेही तिथेच विचारून घ्या.