संशोधक विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिके शिकवण्यासाठी कसे तयार करावे?

आपल्या पुण्यातील महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात यंदा पीएच.डी.चे विद्यार्थी प्रथम वर्षाची प्रात्यक्षिके आणि ट्युटोरियल घेणार आहेत. त्यांच्यासाठी सत्रारंभी एक दिवसाची व्याख्याने पुरतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती पुरणार नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यासाठी, विषय कोणताही असो, अध्यापन वा लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक ठरवले आहे आणि आठवड्याला ४ ते ६ तासांचे असे काम देण्याची मुभाही दिली आहे. काम लगेच दिले जाते, प्रशिक्षण मात्र मागे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यासाठी लागणारी पद्धत आपल्याकडे बी.एड.च्या वर्गांत कित्येक वर्षे रुळलेली आहे. सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावासाठी छोट्या गटापुढे घेतलेल्या छोट्या पाठाच्या, एनसीईआरटीप्रणीत चक्रात ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठ पाहणाऱ्यांच्या सूचना), १२ मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा ६ मिनिटे पाठ आणि ६ मिनिटे प्रत्याभरण, अशी एकूण ३६ मिनिटे लागतात. यातील दुसरा पाठ कदापि गाळू नये, कारण ऐकलेली सूचना अंगवळणी पडते ती तिथेच. जवळच्या अध्यापक महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांना निरीक्षणासाठी बोलावता आले, तर फारच उत्तम.

पाठाचे विषय मात्र आपल्याच प्रयोगशाळेतले असावेत. उदाहरणार्थ, आम्ल-आम्लारी अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) विद्यार्थ्याच्या फ्लास्कमध्ये फिकट गुलाबीऐवजी गडद गुलाबी रंग येतो, म्हणजे द्रावण जरुरीपेक्षा जास्त पडते, तेव्हा नवखा सहायक बहुधा ब्युरेटची (द्रावण मोजून सोडायच्या नळीची) तोटी स्वतःच्या हातात घेतो आणि वाचन काढून देतो. जर्नल (प्रयोगवही) पूर्ण होते, पण शेवटी एकेक थेंब का सोडायचा, हे त्या विद्यार्थ्याला कळलेलेच नसते. म्हणून हात मागे ठेवून ‘रंग टिकायला लागला तेव्हा तुम्ही किती वेगाने सोडत होता?’ असे विचारण्याचा आणि उत्तराची वाट पाहण्याचा सराव करून घ्यावा. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले होते, आणि तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली होती. जुन्नर किंवा करमाळ्याहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला मनातले वाक्य इंग्रजीत जुळवायचे असते, तिला तर त्याहून अधिक वेळ द्यावा आणि मराठीत उत्तर दिले तरी ते स्वीकारावे.

गुणदानासाठी एकच जर्नल सर्व सहायकांना स्वतंत्रपणे तपासायला द्यावे आणि गुणांतील फरकावर चर्चा घडवावी; एका बैठकीत हे काम होते.

त्यानंतर, साधारण तिसऱ्या आठवड्यात, आपण स्वतः प्रत्येकाच्या बॅचला थोडा वेळ बसावे आणि निरीक्षण त्याच दिवशी खासगीत सांगावे. या साऱ्याचा वेळ मार्गदर्शकांशी बोलून आधीच राखून घ्यावा, अन्यथा संशोधनाचे काम निघाले की सर्वप्रथम हीच बैठक रद्द होते.