पूल खेळायच्या स्टिकचा शाफ्ट निळा आणि चिकट झालाय, घरच्या घरी साफ कसा करू?

तुम्ही लिहिलंय की स्टिक मेपलच्या लाकडाची आहे, तुम्ही घोडबंदर रोडला राहता, पाऊस सुरू झाल्यापासून शॉट मारताना शाफ्ट, म्हणजे स्टिकचा पुढचा निमुळता भाग, बोटांत अडकतो आणि मित्राने काचपेपर मारायला सांगितलाय. मित्राचं ऐकू नका, बाकी सगळं जमेल.

मी तेच करून बसलोय. नेरुळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा कागद आणला आणि रविवारी गॅलरीत बसून दहा मिनिटं घासला. शाफ्ट कसा कोराकरकरीत दिसायला लागला! आठवड्याभरात तो पहिल्यापेक्षा जास्त निळा झाला. जाड कागदाचे चरे लाकडावर पडले होते आणि स्टिकच्या टोकाला, म्हणजे टिपेला लावतो त्या चॉकला बसायला आयती जागा मिळाली. वर टिपेखालच्या कडीच्या, म्हणजे फेरूलच्या मागे इतकं लाकूड उतरलं की बोट फिरवलं की पायरी लागायची. शाफ्ट टिपेपाशी जेमतेम १३ मिलिमीटरचा, त्यातून खरवडलेलं परत कुठून आणणार?

मुळात चिकटतं काय, ते बघा. आपण चॉक म्हणतो, पण तो फळ्यावरचा खडू नाही. १८९७ साली विल्यम स्पिंक्स या अमेरिकन बिलियर्ड्सपटूने विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाबरोबर नव्या चॉकचं पेटंट घेतलं. तेव्हापासून त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी कडक पूड असते, म्हणून तर टीप चेंडूवरून घसरत नाही. ही पूड, तळहाताचा घाम आणि क्लबात डबाभर ठेवलेली टाल्कम पावडर, असा लगदा लाकडाच्या छिद्रांत बसतो. जुलैत तर ठाण्याला काय नि वाशीला काय, खाडीची दमट हवा आहेच. म्हणजे तुम्हाला मळ काढायचाय, लाकूड नाही.

आधी कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने जोर लावून पुसा, निम्मं काम तिथेच होतं. मग मेडिकलच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते आणा, नाहीतर सर्जिकल स्पिरिट. ते फडक्यावर घ्यायचं, शाफ्टवर ओतायचं नाही, आणि लांबीच्या दिशेने पुसत जायचं. फडक्याची निळी झालेली बाजू बदलत राहा, नाहीतर तोच मळ पुन्हा चोळाल. स्पिरिट पटकन उडून जातं, म्हणून पाण्याइतकं लाकूड फुगत नाही. पण स्टिकचे दोन भाग जुळतात त्या जॉइंटजवळचा चकचकीत भाग आणि बट, म्हणजे मागचा जाड भाग, यांना ते लागू देऊ नका. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात. तसं पॉलिश तुमच्या स्टिकला असेल तर ते फडक्याबरोबर निघून येईल. आणि हे काम गॅस किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ करू नका, पेट घेतं ते.

फडकं जवळपास स्वच्छ यायला लागलं की थांबा. फिकट निळी झाक राहणारच. तिने शॉटवर काही फरक पडत नाही, उगाच मागे लागू नका. भांड्यांसाठी तो पांढरा मेलामाइनचा स्पंज मिळतो, तो फेरूलवर चालतो. शाफ्टवर सहा महिन्यांतून एखादेवेळी, हलक्या हाताने. दिसायला मऊ असला तरी काम अतिबारीक काचपेपरचंच करतो.

शेवटी चामडं. जुन्या पट्ट्याचा तुकडा शाफ्टभोवती गुंडाळून मुठीत धरा आणि हाताला ऊब लागेपर्यंत झपाझप घासा. स्पिरिटने उभे राहिलेले तंतू बसतात आणि शाफ्ट गुळगुळीत होतो. मला तरी यापुढे वॅक्सची गरज वाटलेली नाही.

बारीक दाबला गेलेला खड्डा असेल तर तिथे ओला कापूस थोडा वेळ ठेवा. दबलेले तंतू पाणी पिऊन वर येतात. मग पूर्ण वाळू द्या आणि चामड्याने घासा. तंतू तुटून खाच पडली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

कोणी जवसाचं तेल सुचवेल. ते स्नूकरच्या ॲशच्या स्टिकसाठी बरं, कारण त्या लाकडाची छिद्रं मोठी असतात. मेपलला लावलंत तर तो चिकटपणा परत घरात आणलात म्हणून समजा. आणि ॲशला लावलंत, तर तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळं पसरून वाळवा. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. कार्बन फायबरचा शाफ्ट असलेल्यांना ही कटकट नाही, स्पिरिटचं फडकं फिरवलं की झालं.

आता पुन्हा तेच होऊ नये म्हणून. पावडर सोडा, तीन बोटांचा ग्लोव्ह घ्या. सुरुवातीला आपलंच हसू येतं, मग सवय होते. खेळून झालं की केसमध्ये ठेवण्याआधी कोरडं फडकं फिरवा. केसमध्ये बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्टिक भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नको, दमट हवा आणि ऊन मिळून लाकूड वाकतं. आणि चॉक लावताना स्टिक सरळ उभी न धरता आडवी धरा, म्हणजे टिपेवरची पूड शाफ्टवर न सांडता जमिनीवर पडेल. टेबलाच्या कापडावर मात्र नको, क्लबवाले ओरडतात आणि त्यांचं बरोबर असतं.