मुंबई–लंडन : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

प्रथमच निघत आहात, तेव्हा तूर्त दोन-तीन गोष्टी पक्क्या केल्यात तरी पुरे. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मात्र त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागून येणारे आठ तास खरे मानू नका, कारण तिकिटावरील वेळेत धावपट्टीपर्यंत रांगेने सरकण्याचा वेळही धरलेला असतो.

नवख्यांची हमखास चूक वेगळीच असते. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. समजा, जुलैमध्ये दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ६ वाजता पोहोचणार असे छापले असेल, तर प्रवास पाच तासांचा नसून साडेनऊ तासांचा असतो, कारण उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. पहिल्या खेपेस मी ‘पाच तासांत पोहोचतो’ असे कळवून भाच्याला विमानतळावर ताटकळत ठेवले होते. तो अजून टोमणे मारतो.

परतीचा प्रवास थोडा कमी वेळाचा दिसला, तर छपाईची चूक समजू नका. उंचावरचे पश्चिमी वारे येताना विमानाला पुढे ढकलतात. मात्र तारीख तपासा : लंडनहून रात्री निघालेले विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी उतरते.